राउटरचा अ‍ॅडाप्टर पर्समध्ये

वाचकाचे पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून)

आमचा मुलगा नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही नौपाड्यातील दोन खोल्यांचे घर सोडून घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ नव्या संकुलात राहायला आलो. मुलाची शाळाही बदलली. सासूबाई मात्र नौपाड्यालाच राहिल्या. मी फोर्टला नोकरी करते आणि पावणेआठला घरी पोहोचते. यजमान नऊनंतर येतात. मुलगा सकाळच्या शाळेतून दीड वाजता येतो आणि साडेपाचला क्लासला जाईपर्यंत घरी एकटाच मोबाइलवर गेम खेळत असतो. चौघांची टीम करून शेवटपर्यंत जिवंत राहायचे, असा तो गेम आहे. टीममधले तिघे नौपाड्यातले जुने मित्र आहेत. मी आल्या आल्या विचारते, “किती वेळ खेळलास?” तो म्हणतो, “थोडाच.” रात्री तो एक-दीडपर्यंत जागा असतो. आठवीत ८२ टक्के होते, ते आता पहिल्या सत्रात ७१ झाले. गेल्या महिन्यापासून मी सकाळी निघताना राउटरचा अ‍ॅडाप्टर काढून पर्समध्ये घालून नेते. चार दिवस बरे गेले. मग कळले की आजीने दिलेल्या पैशांतून त्याने मोबाइलवर डेटा पॅक मारला. मागच्या मंगळवारी रात्री यजमानांनी खेळ चालू असतानाच राउटर बंद केला, तेव्हा त्याने दार इतक्या जोरात आपटले की कडी निखळली. पुढे बापलेकांत जे बोलणे झाले ते लिहवत नाही. शेवटी साडेदहाला मीच राउटर लावून दिला. यजमान म्हणतात, माझ्या लाडांनी तो बिघडला. मला वाटते, त्यांच्या ओरडण्याने. गुरुवारी क्लास नसतो, तेव्हा तो बसने आजीकडे जातो आणि तिथे चार-चार तास मोबाइल हातात घेत नाही, याचा अर्थ मला लागत नाही. त्याला व्यसन लागले आहे का? मोबाइल काढून घ्यावा का? ऑफिसमधल्या एकीने नजर ठेवण्याचे अ‍ॅप सुचवले आहे. ते त्याच्या नकळत टाकावे का?
एक आई, ठाणे (पश्चिम)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत आधी त्या अ‍ॅडाप्टरकडे गेले. डब्याशेजारी पर्समध्ये घातलेला तो काळा ठोकळा रोज तुमच्याबरोबर लोकलच्या गर्दीतून फोर्टला जातो आणि संध्याकाळी तसाच परत येतो, हे चित्र डोळ्यांपुढे आले तेव्हा आधी हसू आले आणि मग तुमच्या थकव्याची कल्पना आली. त्या ठोकळ्याने तुम्हाला चार दिवसांची शांतता दिली, हे खरे. पण पाचव्या दिवशी त्याने तुमच्या मुलाला एक धडाही दिला, तो असा की आईला न सांगता आपले काम भागवता येते. मला त्याच्या खेळण्याच्या तासांपेक्षा या धड्याची काळजी अधिक वाटते.

तुमचा पहिला प्रश्न व्यसनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ या नावाची नोंद आहे. तिच्यात पाहिले जाते ते असे: खेळायला कधी बसावे, किती वेळ खेळावे आणि कधी उठावे यावरचा ताबा सुटलेला असणे, बाकीच्या आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच सर्वांत वर आलेला असणे, आणि नुकसान होत असल्याचे दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. त्यामुळे घर, अभ्यास, नातीगोती यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी लागते. ‘इंटरनेटचे व्यसन’ असा वेगळा आजार त्या यादीत नाही. पत्रावरून निदान करणे हा उद्धटपणा ठरेल, म्हणून मी ते करणार नाही. एवढेच सांगते की जो मुलगा रोज शाळेत जातो, क्लास बुडवत नाही आणि आठवड्यातून एकदा चार तास आपण होऊन मोबाइल बाजूला ठेवतो, त्याचा ताबा पुरता सुटला आहे असे म्हणायला मी धजणार नाही. त्याचे गुण उतरले आहेत आणि झोप मोडली आहे, म्हणजे त्रास आहे आणि तो वाढूही शकतो. पण एखाद्या डॉक्टरने उच्चारण्याआधी ‘व्यसनी’ हा शब्द कृपा करून घरात वापरू नका. या वयाच्या मुलाला तो एकदा चिकटला की मुलगा त्याचीच ढाल करतो: मला व्यसनच लागले आहे ना, मग मी तरी काय करणार?

आता त्या मंगळवारच्या रात्रीकडे येऊ. तुम्ही वर्णन केलेल्या प्रकारच्या गेममधील एक मॅच वीस-पंचवीस मिनिटे, कधी अर्धा तासही चालते, आणि ती मध्येच थांबवून ठेवण्याची सोय नसते, कारण समोरचे खेळाडू त्याच क्षणी कुठे ना कुठे बसून खेळत असतात. मध्येच कनेक्शन तुटले की टीम तिघांवर येते, महिनाभर कष्टाने चढवलेली रँक घसरते आणि तिकडे माइकवर मित्र ओरडत राहतात की अरे, कुठे गेलास? यजमानांच्या लेखी त्यांनी एक यंत्र बंद केले. मुलाच्या लेखी त्यांनी चालू सामन्यात, मित्रांदेखत, त्याला कॉलर धरून मैदानाबाहेर ओढले. दार आपटणे यामुळे क्षम्य ठरत नाही. ती कडी त्यानेच सुताराला बोलावून, स्वतःच्या पैशांतून बसवून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तो राग मी व्यसनाचा पुरावा म्हणून धरणार नाही. सोसायटीच्या आवारात शेवटचे षटक चालू असताना वॉचमनने येऊन स्टंप उपटून नेले असते, तरी याच वयाची मुले अशीच भडकली असती.

त्या रात्रीची माझ्या दृष्टीने महत्त्वाची घटना दार आपटण्याची नाही, ती साडेदहाला घडली. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह लोकांच्या घरी बसून आईबाप आणि मुले यांच्या भांडणांची बारीक नोंद केली होती आणि त्यांना त्यात एक सापळा दिसला होता. पालक दटावतात, मूल आवाज चढवते, पालक त्याहून चढवतात, मूल टोकाला जाते आणि मग कोणीतरी एकजण माघार घेतो. माघार घेताच घर शांत होते, आणि ती शांतता हेच दोघांचे बक्षीस ठरते. तुमचा मुलगा त्या रात्री शिकला की टोकाला गेले की राउटर लागतो. तुम्ही शिकलात की राउटर लावला की घर निवते. पुढच्या खेपेला दोघेही तिथवर अधिक लवकर पोहोचतील, कारण रस्ता आता पायाखालचा आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. दिवसभर नोकरी करून, दोन वेळचा स्वयंपाक करून आलेल्या बाईला रात्री साडेदहाला शांतता हवी असते, यात न समजण्यासारखे काय आहे?

घरातील वातावरण आणि किशोरवयीन मुलांचा इंटरनेटचा हाताबाहेर गेलेला वापर यांचा संबंध बऱ्याच देशांत अभ्यासला गेला आहे. तैवानमध्ये साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आईवडिलांशी वारंवार होणारे तंटे आणि घराची विस्कटलेली घडी यांचा अशा वापराशी संबंध आढळला. इतर पाहण्यांचाही सूर बराचसा असाच आहे. पण इथे एक गोम आहे, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ती हटकून गळते. बहुतेक पाहण्यांत मुलांना एकदाच प्रश्न विचारलेले असतात, त्यामुळे भांडणांना कंटाळून मुलगा मोबाइलमध्ये शिरला की मोबाइलपायी भांडणे सुरू झाली, हे त्यांतून कळत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मुलांच्या एका गटाकडे काही काळाने पुन्हा जाऊन पाहिले होते, म्हणून तो मला अधिक उपयोगी वाटतो. आईवडील इंटरनेटविषयी किती वेळा बोलतात यापेक्षा ते बोलणे कसे होते, मुलाला त्यात आपले ऐकून घेतले जाते असे वाटते का, याला त्यात महत्त्व असल्याचे दिसले. काय पाहावे, कुठे जाऊ नये, याविषयीच्या नियमांचा उपयोग होत असावा असे दिसले. नुसत्या वेळेवर घातलेली कडक बंधने मात्र उलटण्याची शक्यता दिसली. आणि आणखी एक गोष्ट आढळली, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले: ज्या मुलांचा वापर सक्तीसारखा झाला होता, त्यांच्या घरी या विषयावरचे बोलणेच पुढे कमी होत गेले. आईबाप बहुधा दमले असावेत.

म्हणून लाड की ओरडणे, हा तुमच्या दोघांतला खटला मी निकाली काढणार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या ज्या तऱ्हा मांडल्या, त्यांत नुसता धाक आणि नुसती मोकळीक यांखेरीज एक तिसरी तऱ्हा होती, जिच्यात माया आणि शिस्त एकाच माणसाच्या हातून मिळते आणि नियमामागचे कारण मुलाला सांगितले जाते. तुमच्या घरी या दोहोंची वाटणी झाली आहे. धाक बाबांच्या वाट्याला, माया आईच्या वाट्याला, आणि मधल्या फटीतून चिरंजिवांची ये-जा चालू. फट शोधण्यात या वयाची मुले मांजरापेक्षा तरबेज असतात. मंगळवारी तुम्ही राउटर लावलात तो यजमानांच्या देखत की ते आत गेल्यावर, हे तुम्ही लिहिलेले नाही; मला वाटते, मला ठाऊक आहे. तेव्हा मुलाशी काही बोलण्याआधी तुम्ही दोघे घराबाहेर, उपवन तलावाच्या काठावर किंवा कुठेही, तासभर बसा आणि एवढेच ठरवा की पुढचे दोन महिने जो नियम होईल तो दोघांचा असेल, आणि तो पटला नाही तरी मुलासमोर कोणी मोडणार नाही. यजमानांनी थोडे कमी मागावे लागेल, तुम्हाला थोडे अधिक धरून ठेवावे लागेल.

आता मुलाची दुपार पाहा. तो दीड वाजता कुलूप उघडून घरात येतो, गार झालेली पोळी-भाजी घेऊन बसतो आणि समोर काहीतरी लावल्याशिवाय एकट्याने जेवण घशाखाली उतरत नाही, म्हणून मोबाइल ताटाशेजारी उभा करतो. नौपाड्याच्या घरी या वेळेला आजी होती, शेजारच्या घराचे दार उघडे होते, खाली कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर हेच तीन मित्र होते. तुम्ही चांगले घर घेतले, हवा खेळती आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. परंतु त्या बागेत त्याच्या वयाच्या कोणाला तो ओळखत नसेल, आणि नव्या शाळेत दाखल झालेल्या मुलाला जुनी टोळी असलेल्या वर्गात जागा मिळवणे किती अवघड असते, हे मोठ्यांना चटकन आठवत नाही. त्याचा कट्टा त्याने फोनमध्ये हलवला आहे. तुम्ही अ‍ॅडाप्टर नेता तेव्हा त्या तीन मित्रांकडे जाण्याचे दारही कुलूपबंद होते, आणि दुसरे दार कोणी दाखवलेले नसते. आजीने दिलेल्या पैशांचा त्याने केलेला उपयोग लबाडीचा होता, पण ती लबाडी मित्रांपर्यंत पोहोचण्यासाठी होती, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

याचा अर्थ गेम बनवणारे निर्दोष आहेत असा नाही. रोज हजेरी लावली की मिळणारे बक्षीस, ठरावीक मुदतीत पुरी करायची आव्हाने, पेटीत काय निघेल याची हुरहूर, हे सगळे मुलाने परत यावे म्हणूनच रचलेले असते. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस प्राण्याला सर्वांत चिवटपणे एका जागी खिळवून ठेवते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवरील प्रयोगांत कधीच दाखवून दिले होते. मात्र असेच गेम शेजारच्या मजल्यावरच्या मुलाच्या फोनमध्येही असतील, आणि तो कदाचित अर्ध्या तासाने उठून खाली खेळायला जात असेल. फोन सगळ्यांच्या हातांत आहेत; दुपारी घरात दुसरे काय आहे, यावरून पुष्कळ फरक पडतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: त्याच्या नकळत अ‍ॅप टाकू नका. स्वीडनमध्ये हाकान स्टातिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी चौदा वर्षांची सातशे मुलेमुली आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास करून २००० साली एक साधा प्रश्न विचारला होता. आपले मूल कुठे असते, काय करते, हे ज्या पालकांना नीट ठाऊक असते, त्यांना ते कशामुळे ठाऊक असते? पाळत ठेवल्यामुळे, खोदून विचारल्यामुळे, की मूल आपण होऊन सांगते त्यामुळे? उत्तर ठळकपणे तिसऱ्या बाजूने पडले. मुलाविषयीची आपली माहिती ही बव्हंशी त्याने आपल्याला दिलेली माहिती असते. चोरून टाकलेले अ‍ॅप कधी ना कधी सापडतेच, कारण फोनमधले त्याला तुमच्यापेक्षा अधिक कळते, आणि ते सापडले की उरलेसुरले सांगणेही बंद होते. एखादे वेळबंधन लावायचेच असेल तर त्याच्या समोर, त्याच्याकडूनच सेटिंग्जमध्ये लावून घ्या.

आणि हे सांगणे कधी आटते? तुम्हीच लिहिले आहे. तुमचा दिवसातला पहिला प्रश्न, “किती वेळ खेळलास?” त्याचे दिवसातले पहिले उत्तर, “थोडाच.” या प्रश्नाला दुसरे उत्तरच नाही, खरे सांगितले तर बोलणी, खोटे सांगितले तर सुटका. पुढचे पंधरा दिवस हा प्रश्न अजिबात विचारू नका. पर्स ठेवून हात-पाय धुवा, चहा टाका आणि त्याच्याशी दुसऱ्या कशाविषयीही बोला: लोकलमध्ये काय झाले, क्लासच्या सरांनी काय केले, रविवारी मिसळ खायला जायचे का. जमले तर एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून त्याची एक पूर्ण मॅच पाहा आणि तिच्यात काय चालले आहे ते त्याला समजावायला सांगा. तुम्हाला कंटाळा येईल, त्या गोळीबाराने डोके उठेल, पण तो ज्या उत्साहाने सांगेल तो उत्साह तुम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलेला नसेल. त्या माइकवर कोणकोण असते, अनोळखी माणसे असतात का, कोणी पैसे मागते का, हेही अशा वेळी आपोआप कळते.

माझ्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझी मुलगी दहावीत असताना मी तिला जेवताना फोन बघू नकोस म्हणून टोकले, तेव्हा तिने काही न बोलता एक कागद पुढे केला. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर मी किती वेळा फोन उचलला, याच्या रेघा त्यावर मारलेल्या होत्या, भाजीवाली हिशेबाला मारते तशा पाच-पाचच्या जुड्या करून. त्या रेघा मी मोजल्या नाहीत. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होते आणि ते कामाचेच होते, पण तिच्या बाजूने पाहिले तर तिच्या फोनमध्येही कारण होतेच. तुमचे यजमान नऊला येऊन जेवताना काय पाहतात, हे मला ठाऊक नाही. क्रिकेटचे दिवस असतील तर अंदाज करता येतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. त्याची बातमी देशभर झाली, कौतुक झाले, आणि आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘आपणही असे करू या’ असे निरोप फिरले. मला त्या भोंग्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: तो सरपंचासाठीही वाजतो. तुमच्या राउटरचे बटण फक्त एकासाठी बंद होते.

तेव्हा करायचे काय, तर सुरुवात झोपेपासून करा, तासांपासून नको. तेरा ते अठरा या वयात रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते, असे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली सुचवले होते. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि मुलांना उशिरापर्यंत झोप येत नाही. त्यात नुसता आळस नसतो. सकाळच्या शाळेसाठी पहाटे उठणारा मुलगा दीडला झोपत असेल, तर त्याला जेमतेम चार-साडेचार तास मिळतात. घसरलेल्या अकरा टक्क्यांतला मोठा वाटा या झोपेचा असावा, असा माझा अंदाज आहे. रात्री साडेदहाला घरातले तिन्ही फोन दिवाणखान्यात एका जागी चार्जिंगला लागतील, हा पहिला नियम असू द्या. तिन्ही, म्हणजे तुमचा आणि यजमानांचाही. गजर लावायला दोनशे रुपयांचे घड्याळ मिळते.

दुसरा नियम खेळण्याचा, आणि तो त्याच्याबरोबर बसून करायचा. आधी आकडा त्याला सांगू द्या. हिशेब मिनिटांत ठेवू नका, मॅचमध्ये ठेवा: दुपारी जेवून थोडे पडल्यावर दोन, रात्री जेवणाआधी एक, असे काहीतरी. “दहा मिनिटांत बंद कर” या वाक्याचा त्याच्या खेळात काही अर्थ होत नाही; “ही मॅच संपली की ऊठ” याचा होतो आणि तो पाळता येतो. नियम मोडला तर काय, हेही शांतपणे आधीच ठरवा आणि ते लहान ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी, एवढेच. महिनाभर मोबाइल जप्त करण्याची शिक्षा कोणीच शेवटपर्यंत अमलात आणत नाही, आणि मुलांना हे ठाऊक असते. मोबाइल काढून घ्यावा का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आले. पैसे आणि अनोळखी माणसे या दोन बाबतींत मात्र घासाघीस नको. तिथे नियम तुमचा. सुरुवातीचे दोन आठवडे वाईट जातील. तो पारखून पाहील, दार पुन्हा आपटेल. त्या वेळी आवाज न चढवता ठरलेले धरून ठेवायचे, हे सगळ्यांत कठीण काम आहे, आणि ते तुम्हा दोघांनी मिळून करायचे आहे.

एवढे करूनही शाळा बुडू लागली, आंघोळ-जेवण सुटले, हाणामारीपर्यंत गोष्ट गेली, घरातले पैसे नाहीसे होऊ लागले, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे तो बोलला, तर थांबू नका. अशा वापरामागे कधीकधी उदासपणा, चिंता किंवा लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास दडलेला असतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था आहे. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठीच स्वतंत्र क्लिनिक चालते. संकोच वाटेल, हे मी समजू शकते. उभ्या महाराष्ट्रात ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणून लोक हसतात, आणि आपण तर ठाण्यातच राहतो. जायची वेळ आलीच तर तुम्ही तिघेही जा. मुलाला एकट्याला ‘दाखवायला’ नेऊ नका.

राहता राहिला गुरुवार. आजीकडे तो चार तास मोबाइल का काढत नाही, याचा अर्थ तुम्हाला लागत नाही, असे तुम्ही लिहिता. मला तरी त्यात गूढ काही दिसत नाही. तिथे खाली ते तीन मित्र सदेह हजर आहेत, आणि वर आजी आहे, जी त्याला किती टक्के पडले आणि किती वेळ खेळलास हे विचारत नसावी. शक्य असेल तर महिन्यातून एक-दोन रविवारीही त्याला तिकडे जाऊ द्या, आणि त्या मुलांना एकदा आपल्या घरी राहायला बोलवा. चौघे मिळून फोनवरच बसले तरी हरकत घेऊ नका. येत्या गुरुवारी ऑफिसमधून थोडे लवकर निघता आले, तर स्टेशनवरून थेट नौपाड्याला जा आणि त्याला घेऊन बसने एकत्र परत या. संध्याकाळी घोडबंदरला बस तासभर सहज घेते. खिडकीची जागा त्याला द्या आणि त्या तासात त्याला काही विचारू नका. तो बोलला तर ऐका, फोन काढून बसला तर बसू द्या. आणि त्या दिवशी सकाळी निघताना अ‍ॅडाप्टर जागच्या जागी, भिंतीवरच राहू द्या.